विहिरीतले सात बाडस

लोकांच्या गोष्टींतले मासे वर्षागणिक मोठे होत जातात. गुणवंता सोमकुवरच्या गोष्टींतले मासे दरवर्षी लहान होत गेले.

तो माप हातानं दाखवायचा. लहानपणी पाहिलेला बाडस सांगताना डावा हात लांब करून उजव्या हाताची बोटं खांद्यावर टेकवायचा. लग्नाच्या साली पाहिलेला सांगताना बोटं कोपरावर यायची. आणि शहाऐंशीचा सांगताना मनगटाच्या जराशी वर. खोटं बोलायची कला त्याला कधी आली नाही, त्यामुळे चहाच्या टपरीवर त्याची गोष्ट कोणी दुसऱ्यांदा ऐकत नसे.

बाडस म्हणजे जाड खवल्यांचा, पिवळसर अंगाचा नदीतला मासा. शहरातले लोक त्याला महासीर म्हणतात. सौंसरपासून आठ-नऊ मैलांवर, कन्हानच्या काठी चिचघाट नावाचं गाव आहे. तिथे महादेवाच्या देवळाखाली नदी वळते आणि त्या वळणावर खडकात एक खोल डोह आहे. देवडोह. या डोहातले बाडस देवाचे, ते कोणी धरायचे नाहीत, असा गावाचा जुना नियम होता. सोमवारी देवळाच्या घाटावरून माणसं मुरमुरे टाकत आणि काळ्या पाण्याखाली पिवळ्या पाठी एकमेकींवरून सरकत.

गुणवंताच्या लोकांना तो घाट नव्हता. त्यांचा घाट खाली, डोह उथळ होऊन वाळूला लागतो तिथे. त्याची आई तिथे धुणं धुवायची आणि पदरात बांधून आणलेला ज्वारीच्या भाकरीचा तुकडा पाण्यात चुरायची. मासे तिथेही येत. वर मुरमुरे खाऊन झाले की खाली भाकरी खायला येत. गुणवंता तेव्हा सहा-सात वर्षांचा होता. माशांना वरचा घाट आणि खालचा घाट यांतला फरक ठाऊक नाही, हे त्याला त्या वयात कळलं. पुढे पुष्कळ गोष्टी विसरल्या, तेवढी राहिली.

छप्पन्न साली त्याचा बाप नागपूरहून दीक्षा घेऊन आला. दुसऱ्या दिवशी पाटलाचा बैल मेला तेव्हा तो ओढायला गेला नाही. त्याच्या आळीतलं कोणीच गेलं नाही. बैल तीन दिवस पडून राहिला, आणि गावानं दोन वर्षं त्यांना शेतात काम दिलं नाही. बापानं घरातले देव डोहात नेऊन सोडले, भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली. म्हणून कोणी देवाचे मासे म्हटलं की गुणवंता हळूच म्हणायचा, "देवाचे नाई गा ते. पाण्याचे होत."

मोठा झाल्यावर तो बापूजी कळंबे यांच्या संत्र्याच्या बगीच्यात राखणीला लागला. बगीचा डोहाला लागूनच. विहिरीपाशी एक खोली होती, तिच्यात तो आणि त्याची बायको कुसुम राहत. एकुलती मुलगी प्रेमलता लग्न होऊन पांढुर्ण्याला गेली होती. संध्याकाळी काम संपलं की गुणवंता खालच्या घाटावर जाऊन भाकरी चुरायचा आणि मोजायचा. चाळीस. पुढे तीस. पुढे सोळा.

कमी व्हायची कारणं सगळ्यांना ठाऊक होती. काठाकाठानं मोटारी बसल्या, डोहाचं पाणी बगीच्यांना जाऊ लागलं. फवारणीचे पंप लोक नदीतच धूत. आणि मँगनीजच्या खाणींकडून कोणी ना कोणी चोरून सुरुंगाचे बार आणी. बार पाण्यात टाकला की धडाका होऊन लहानमोठे सगळेच पोट वर करून येत. देवाचा नियम होता तो म्हाताऱ्यांचा. पोरं म्हणत, देवाचे आहेत तर देवानं सांभाळावेत.

एकदा गुणवंता अर्ज घेऊन सरकारी कचेऱ्यांत जाऊन आला. जंगलवाले म्हणाले, पाण्यातलं आमच्याकडे येत नाही. मच्छीवाले म्हणाले, जंगली मासा आमच्याकडे येत नाही. तळं असेल तर रोहू-कतल्याचं बीज देतो, फॉर्म भर. त्याच्याकडे तळं नव्हतं. तो परत आला आणि कुसुमला म्हणाला, "दोन्ही साहेब चांगले होते. चहा पाजला."

शहाऐंशीचा पावसाळा कोरडा गेला. सत्त्याऐंशीच्या चैत्रात देवडोह आटत आटत कमरेइतका राहिला. आत नऊ बाडस होते. इतके वर की काठावरून त्यांचे कल्ले हलताना दिसत.

त्याच सुमारास बापूजींनी बगीच्याला ताण दिला. मृगाचा बहार धरायचा तर चैत्र-वैशाखात झाडांचं पाणी पूर्ण तोडतात. पानं चुरमुरतात, वळतात, काही गळतात. राखणदारानं रोज फिरून पाहायचं, झाड कुठवर आलं. मरणाच्या उंबऱ्यापर्यंत न्यायचं आणि तिथून परत आणायचं, अशी ती रीत. मरण दिसलं की झाड फुलतं. गुणवंता बारा वर्षं हे पाहत होता. डोहाच्या काठी बसून त्याला वाटायचं, माशाला मरण दिसलं की तो नुसता तोंड वर काढतो.

ताणाचा एक अर्थ मात्र त्याच्या कामाचा होता. ताण म्हणजे मोटार बंद. मोटार बंद म्हणजे विहीर भरलेली.

सकाळी बापूजी बगीच्यात आले तेव्हा तो त्यांच्या मागं मागं फिरला.

"बापूजी, मिरगापर्यंत मोटर बंदच ना?"

"बंदच. बारा वर्सं राखण करून राहिला, आज इचारतं?"

"मंग विहिरीत आठ-नऊ मासे सोडू का?"

बापूजींनी पानाची पिचकारी टाकली. "खायले?"

"नाई. ठेवाले. पाऊस आला का वापस नेतो डोहात."

बापूजी भला माणूस होता, पण बगीचेवाला होता. त्यांनी एका झाडाचं पान तोडून चुरगाळलं, हातावर पाहिलं. "अन् पाऊस लांबला तं? झाडं मरू देऊ का तुह्या माशांपायी?"

"नाई. तवा तुमी मोटर लावा."

"पाह्य बावा. मिरग निंघाल्यावर आठ दिवस थांबतो. सबद देतो तुले. त्याच्या पुढं माही झाडं."

डोहातून मासे काढायचे तर हिरामणशिवाय इलाज नव्हता. हिरामण गावातला म्हातारा ढिवर. जन्मभर जाळं टाकलं, पण देवडोहात कधी नाही. बार टाकणाऱ्यांत त्याचा पोरगा सुखदेव पुढे असे, त्यामुळे तो हल्ली डोहाकडे पाहतच नसे. गुणवंतानं सांगितलं तेव्हा तो बिडी पेटवत हसला.

"तू काय नदीचा बाप हायेस का बे?"

"तसं नाई गा..."

"माह्या आज्यानं या डोहात मगर पाह्यली. मले नाई दिसली. माह्या नातवाले बाडस नाई दिसन. मगर गेली तवा कोण रडलं? बाया निवांत धुणं धुवाले लागल्या. दुनिया चालूनच राहिली ना?"

"चालून राहिली," गुणवंता म्हणाला. "पण कमी होऊन राहिली."

हिरामणनं बिडी ओढली. मग म्हणाला, "उद्या पहाटं येतो. उन्हात नेशील तं रस्त्यातच मरतीन. अन् फवारणीचा ड्रम आणू नको, नाई तं मीच तुले त्याच्यात बुडवीन."

पहाटे तिघं होते. हिरामणनं कमरेइतक्या पाण्यात जाळं इतक्या हळू फिरवलं की गढूळही झालं नाही. कुसुमनं आपलं जुनं लुगडं ओलं करून आणलं होतं. त्याची झोळी करून, आजारी माणसाला नेतात तसं, दोघांनी दोन टोकं धरून एकेक मासा पळत नेला. डोह ते विहीर तीनशे पावलं. झोळीतला मासा आधी धडपडायचा, मग गप्प व्हायचा, आणि तो गप्प झाला की कुसुम म्हणायची, "पळा ना, पळा." दोन रस्त्यात मेले. सात विहिरीत उतरले, पायऱ्यांखालच्या दगडांच्या सावलीत गेले आणि दिसेनासे झाले.

हिरामण काठावर बसून धापा टाकत होता. "सात," तो म्हणाला. "सातानं काय होते?"

"दोन-चार माद्या असतीन ना त्याच्यात?"

"असतीन. पावसात चढतीन, अंडी देतीन, अन् माहा सुखदेव त्यायले खाईन."

तरी जाताना तो विहिरीत वाकून पाहून गेला.

चार दिवस मासे वर आले नाहीत. पाचव्या सकाळी गुणवंता शेवटच्या पायरीवर भाकरी चुरत बसला असताना खालून पिवळी पाठ आली. सगळ्यांत लहान होता तो. आठवड्यानं तो हातातून खाऊ लागला. त्याचे ओठ जाड आणि थंड होते, आणि ते बोटांना लागले की गुणवंताला आईचा खालचा घाट आठवे. त्यानं दिवस मोजायला सुरुवात केली. मृगाला सेहेचाळीस दिवस होते. ते पार पडले की झालं.

त्याची चूक इथे झाली. म्हणजे चूक म्हणावी तर आनंद झाला, इतकीच. सौंसरच्या बाजारात, बस सुटायची वाट पाहत असताना त्यानं टपरीवर सांगितलं की देवडोहातले बाडस आमच्या विहिरीत जिते आहेत आणि हातातून भाकरी खातात. त्या दिवशी त्याची गोष्ट सगळ्यांनी ऐकली.

तिसऱ्या दिवशी बापूजींची बायको शकुबाई ताटात हळदकुंकू घेऊन विहिरीवर आली. घरची मोठी, देवभोळी बाई. "डोह आटला तं देव आमच्या घरी राहाले आला वं," असं म्हणत तिनं कुंकू पाण्यात सोडलं. मग गावच्या बाया आल्या. मग जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला मंगळवारी-शनिवारी जाणारे लोक वाट वाकडी करून येऊ लागले. मुरमुरे, फुटाणे, नारळाचे तुकडे, साखर, बुक्का. येणारा प्रत्येक जण ओंजळभर पाणी तीर्थ म्हणून पिऊन जाई आणि घरच्यांसाठी बाटलीत भरून नेई.

गुणवंता हात जोडून सांगत फिरायचा. "मुरमुरे टाकू नोका माय. सडून राहिले. मासे वर येऊन राहिले, हवा नाई त्यायले."

"दर्शन द्याले येऊन राहिले ते," बाया म्हणत.

सरपंच पुंडलिकराव एका शनिवारी आले. विहिरीभोवतीची गर्दी त्यांनी समाधानानं पाहिली, मग गुणवंताला बाजूला घेतलं. "मासे तूच आणले म्हणते. देवाच्या माशाले हात लावाची तुही काही... म्हणजे पुजाऱ्याले इचारलं होतं का?"

"डोहात मरून राहिले होते, पुंडलिकराव."

"ते देव पाह्यन ना. आता झालं ते झालं. पण आता हात लावू नोको. भाकरीबिकरी काही टाकू नोको त्यायले. लोकायले बरं नाई वाटत."

त्या दिवसापासून गुणवंता लोक यायच्या आधी, झुंजुमुंजू असताना, पायऱ्या उतरायचा. भाकरी चुरायचा आणि तरंगणारे मुरमुरे टोपल्यानं काढायचा. पाण्याला आता वास होता. सात होते. तो रोज मोजत होता.

वैशाख सरता सरता गावात हगवण लागली. आधी दोन लेकरं, मग पाच, मग प्रत्येक आळीत एक-दोन. एक मुलगी बैलगाडीतून सौंसरला नेता नेता वाटेत गेली. तिच्या आजीनं दोन दिवस आधी तिला बाटलीतलं तीर्थ पाजलं होतं.

दुसऱ्या सकाळी आरोग्य केंद्राचा माणूस सायकलवर ब्लीचिंगची पिशवी बांधून आला. गावातल्या सगळ्या विहिरी त्यानं केल्या होत्या, ही शेवटची. विहिरीवर लोक जमले. गुणवंता पायऱ्यांच्या तोंडाशी उभा राहिला.

"साहेब, हे प्याची विहीर नोहे. बगीच्याची हाये."

"किती लोक पेले हिचं पाणी?"

गुणवंता पायरीवरून हलला नाही.

"बावीस लेकरं आडवी हायेत," तो माणूस म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. सदरा घामानं पाठीला चिकटला होता, डोळे जागरणानं लाल होते. "मासे का लेकरं? तू सांग. तू म्हणशील तसं करतो."

आणि तो खरंच थांबला. गुणवंताच्या तोंडाकडे पाहत राहिला. इतक्या वर्षांत कोणत्याही साहेबानं गुणवंताला असं विचारलं नव्हतं, आणि विचारलं ते हे. त्यानं विहिरीत पाहिलं. कुसुमकडे पाहिलं. कुसुम जमिनीकडे पाहत होती.

"लेकरं," तो म्हणाला. "पण घंटाभर थांबा."

त्या तासात त्यानं संत्र्याची करंडी पाण्यात बुडवून धरली, तिच्यात भाकरी चुरली आणि वाट पाहिली. वर काठावर माणसं वाकली होती, बोलत होती, पाण्यावर सावल्या हलत होत्या. मासे खोल गेले होते. फार वेळानं एक आला. सगळ्यांत लहान, हातातून खाणारा. तो करंडीत शिरला, आणि गुणवंतानं ती उचलली. दुसरा कोणी आला नाही. हिरामण जाळं घेऊन आला तेव्हा तास सरला होता, आणि त्या खोल, दगडी विहिरीत जाळं पसरणार तरी कसं. तरी त्यानं दोनदा टाकलं. दोनदा ते रिकामं आलं.

बैलांच्या हौदात गुडघाभर पाणी होतं. लहान बाडस तिथे सोडला.

ब्लीचिंग बादलीत कालवतात, गाळ खाली बसू देतात, वरचं नितळ पाणी दुसऱ्या बादलीत घेतात आणि ती बादली दोरानं विहिरीत सोडून खालीवर हलवतात. दोर राखणदारानंच धरायचा असतो. विहीर त्याला ठाऊक असते. गुणवंतानं दोर धरला. तो बादली खालीवर करत होता आणि त्याचे हात काम नीट करत होते.

सकाळी सहाही मासे पोट वर करून तरंगत होते. शकुबाई काठाला धरून रडत होती, आणि ते रडणं खरं होतं. पुजारी आला होता, पुंडलिकराव आले होते, आळीआळीतली माणसं होती. उन्हाबरोबर वास सुटू लागला. मग एकेकाची नजर गुणवंताकडे वळली, जशी त्याच्या बापाकडे वळत असेल.

"गुणवंता," पुंडलिकराव म्हणाले, "उतर बावा. काढून टाक."

"मी नाई उचलत."

"मंग कोण उचलन?"

"हात लावू नोको म्हणे ना?"

"तवा जिते होते."

गुणवंतानं डोक्याचा रुमाल सोडला, पुन्हा बांधला. "माह्या बापानं हे काम छप्पन्न साली सोडलं. मी नाई उचलत, पुंडलिकराव."

"अरे ढोर हाये का ते? मासे हायेत."

"मंग तुमी उतरा."

पुंडलिकराव पायऱ्यांकडे पाहत राहिले. पुजारी म्हणाला, मी सोवळ्यात आहे. बापूजींनी मान वळवली आणि एका झाडाच्या वाळक्या फांदीकडे पाहू लागले. माणसं एकेक, दोनदोन करत पांगली. दुपारपर्यंत विहिरीवर कोणी उरलं नाही.

उन्हं उतरल्यावर कुसुमनं विचारलं, "आता उतरता का?"

"उतरतो."

तो त्याच करंडीत एकेक मासा घेऊन सहा वेळा वर आला. त्यांची अंगं अजून पिवळी होती. दोघांनी ते डोहात नेले. डोह म्हणजे आता खडक आणि वाळू. गुणवंतानं खणायला सुरुवात केली. दोन हात खणल्यावर ओल लागली, आणखी हातभर खणल्यावर पाणी पाझरलं, बोटं बुडतील इतकं. तिथे ठेवले.

"देवाचे का पाण्याचे?" कुसुमनं विचारलं. थट्टेनं नाही.

त्यानं वाळू ओढली.

हौदातला एक राहिला. ज्येष्ठाच्या उन्हात हौदाचं पाणी चहासारखं तापायचं. गुणवंतानं वर संत्र्याच्या वाळक्या फांद्या आणि ओली पोती घातली. कुसुम दर दुपारी बोरिंगवरून चार घागरी आणायची, रात्रभर उघड्यावर थंड करायची आणि सकाळी जुनं पाणी काढून नवं घालायची. बोरिंगवर बाया टोमणे मारत. "काय वं कुसुम, तुह्या देवाची आंघोळ झाली का?" ती घागर डोक्यावर घेत म्हणायची, "झाली. आता तुमची राहिली." घरी येऊन मात्र एकदा ती हौदाच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "प्रेमलताले वाढवताना येवढं पाणी नाई वाहिलं मी." मग पदरानं तोंड पुसून उठली.

मृग निघाला, पण कोरडाच. बापूजी रोज येऊन झाडं पाहत. दोन ओळींची पानं पार गळली होती, तरी मोटार बंद होती. नवव्या दिवशी सकाळी त्यांनी बटण दाबलं. विहिरीत कोणी नव्हतं, तरी ते आठ दिवस थांबले होते.

पाऊस त्यानंतर पाच दिवसांनी आला. तीन दिवस पडला. नदी आधी फेसाळ, मातकट आली, मग जरा निवळली. चौथ्या दिवशी सकाळी गुणवंता आणि कुसुम लुगड्याच्या झोळीत तो एकुलता बाडस घेऊन खालच्या घाटावर गेले. हिरामणही आला. बोलावलं नव्हतं.

"एक मासा म्हणजे काय गा?" हिरामण म्हणाला. "त्याच्यात वंश नाई. वर जाईन, कोणी भेटणार नाई, वापस येईन. कोणी खाईन नाई तं म्हातारा होऊन मरन."

"हो."

"मंग काहून सोडून राहिला?"

"हौदात मरू देऊ काय?"

गुणवंतानं झोळी पाण्याखाली नेली. बाडस क्षणभर तसाच राहिला, तोंड प्रवाहाकडे करून. गुणवंतानं सवयीनं बोटं पुढे केली. मग शेपटीचा एक फटका पाण्याला बसला, आणि घाटासमोर नुसतं तपकिरी पाणी वाहत राहिलं. कुसुम लुगडं पिळत उभी होती. ती म्हणाली, "चला, वास येईन याले, धुवावं लागन."

त्या वर्षी बगीचा असा फुलला की वासानं डोकं दुखावं. बापूजी म्हणाले, ताण बरोबर बसला.

गावात पुढे त्या विहिरीचं कोणी नाव काढलं नाही. पुंडलिकरावांनी देवळाच्या भिंतीवर दोन मासे रंगवून घेतले, सोनेरी रंगाचे, नाकात नथ घातलेले. लोक त्यांना कुंकू लावतात. अठ्ठ्याऐंशीचा पाऊस चांगला झाला, डोह भरला. गुणवंता सोमवारी संध्याकाळी खालच्या घाटावर भाकरी चुरतो. बोटभर लांबीचे, चंदेरी, नाव नसलेले मासे येतात आणि खाऊन जातात. तो त्यांना मोजत नाही.

हिरामण आता फार थकला आहे. घाटावर येऊन बसतो. दर वेळी विचारतो, "दिसला?" आणि गुणवंता दर वेळी म्हणतो, "नाई." एक मासा म्हणजे काय, यावर त्यांचं बोलणं पुन्हा झालं नाही.

एकोणनव्वदच्या हिवाळ्यात सौंसरच्या टपरीवर कोणीतरी गंमत म्हणून त्याला विचारलं, "काय गुणवंताभाऊ, केवढा होता तुमचा तो शेवटचा?"

गुणवंतानं डावा हात लांब केला. उजव्या हाताची बोटं मनगटाच्या जराशी वर टेकवली, शेवटचा पाहिला होता तेवढ्या मापावर. तिथे ती थोडी थांबली. मग कोपराच्या दिशेनं चार बोटं पुढे सरकली.

"जिता असन तं आता येवढा झाला असन," तो म्हणाला.

टपरीवरचे हसले. गुणवंताही मासे वाढवायला शिकला म्हणाले. त्याच्यासोबत बाजाराला आलेल्या, बाकावर बसलेल्या हिरामणनं तेवढं त्याच्या हाताकडे पाहिलं आणि आपला चहा तसाच खाली ठेवला. बस लागली. गुणवंतानं हात खाली घेतला, पिशवी उचलली आणि तो हिरामणला घेऊन चिचघाटला जायला चढला.